माहिती हवी आहे

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि गुलामगिरीत खितपत पडलेली सुमारे चाळीस लाख माणसं मोकळी झाली. मोकळं झाल्यावर त्यांनी जमीन मागितली, मजुरी मागितली, मुलांना शाळेत घातलं. पण कितीतरी जणांनी या सगळ्याच्या आधी आपली माणसं शोधायला घेतली. त्यापूर्वीच्या सत्तर वर्षांत व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसं दक्षिणेतल्या कापसाच्या नि उसाच्या मुलखात नेली गेली होती. त्यांतली बरीचशी व्यापाऱ्यांनी विकत घेऊन, पुढे विकून. आई एका राज्यात, लेक दुसऱ्या राज्यात, आणि बाप कुठे आहे हे सांगायला कुणी उरलेलं नाही. मालक बदलला की पुष्कळदा नावही बदललेलं.

त्या काळात फिलाडेल्फियातून ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ नावाचं एक साप्ताहिक निघत असे. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, म्हणजे सगळे ज्याला नुसतं एएमई म्हणतात, त्या कृष्णवर्णीयांनी स्वतः उभारलेल्या पंथाचं ते पत्र. त्यात ‘माहिती हवी आहे’ अशा मथळ्याखाली लहान लहान जाहिराती छापून येत. आईचं नाव अमुक. शेवटचं पाहिलं ते अमुक गावी. तेव्हा आमचा मालक अमुक होता, त्यानं तिला अमुक व्यापाऱ्याला विकलं. भावंडांची नावं ही. खाली आपला पत्ता. आणि पुष्कळदा एक विनंती: पाळकांनी ही जाहिरात आपल्या चर्चमध्ये वाचून दाखवावी.

ही विनंती समजून घ्यायला हवी. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. म्हणजे ज्याला शोधायचं तो वर्तमानपत्र वाचू शकेल याची खात्री नाही. पण रविवारी तो चर्चमध्ये येईल, निदान त्याला ओळखणारं कुणीतरी येईल, याची खात्री होती. म्हणून व्यासपीठावरून नावं वाचली जात आणि बाकांवरची माणसं कान देऊन ऐकत. माझ्या लेखी या समाजाच्या इतिहासाचा वर्ग तिथेच भरायला लागला. तो वर्ग मी पाहिला आहे, कारण तो अजून भरतो.

मी फिलाडेल्फियात राहते, इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण एएमई चर्चची. लहानपणापासून एकाच चर्चला जाणारी. तिथेच तिची आई संडे स्कूलमध्ये शिकवायची, आता ती शिकवते. एका फेब्रुवारीत ती म्हणाली, “ये एकदा. या महिन्यात आम्ही मुलांना वेगळं बसवत नाही.” तिचं चर्च वेस्ट फिलाडेल्फियात आहे, विटांचं, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं, तळघरात मोठा हॉल असलेलं. एरवी संडे स्कूलचे वर्ग वयानुसार निरनिराळ्या खोल्यांत भरतात. फेब्रुवारीत सगळे तळघरात, लांब टेबलांभोवती. ॲल्युमिनियमच्या तसराळ्यांत ग्रिट्स आणि अंडी, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं. चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा, मांडीवरची बाळं, फोनमध्ये मान घातलेली पोरं, आणि महिन्याचा पहिला रविवार म्हणून पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखातल्या चर्चच्या ‘मदर्स’. हा मान वयानं आणि सेवेनं मिळतो. त्यांना सगळे ‘मदर’ म्हणूनच हाक मारतात, पास्टरसुद्धा.

त्या दिवशी टेबलांवर त्या जुन्या जाहिरातींच्या ठळक अक्षरांत काढलेल्या प्रती होत्या. व्हिलानोव्हा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी फिलाडेल्फियाच्या मदर बेथेल या चर्चच्या साथीनं २०१७ पासून अशा हजारो जाहिराती निरनिराळ्या वर्तमानपत्रांतून जमवून सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. फोनमध्ये मान घातलेली पोरं तेच उघडून बसली होती, हे मला मागाहून कळलं. वाचायला उठला तो दहाएक वर्षांचा मुलगा. गळ्यात चिमट्याचा टाय, एका हातात कागद, दुसरा हात आजीच्या खुर्चीच्या पाठीवर. आजी पुठ्ठ्याच्या पंख्यानं वारा घेत होती. दक्षिणेतून आलेल्यांच्या चर्चमध्ये हे पंखे अजून दिसतात: आइस्क्रीमच्या काडीसारखी दांडी, एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र, दुसऱ्या बाजूला अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात आणि फोन नंबर.

मुलगा वाचत होता. एक बाई आपल्या भावंडांना शोधत होती. गावाच्या नावाशी तो थांबला, आणि मग म्हणाला, “बोफर्ट.”

“ब्यूफर्ट,” पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. नव्वदीला टेकलेल्या एका मदर होत्या. “बोफर्ट ते नॉर्थ कॅरोलायनातलं. हे साउथ कॅरोलायनातलं आहे बाळा, आमचं. ब्यूफर्ट म्हण.”

मुलानं म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि सगळ्यांना सांगायला लागल्या, की अक्षरं दोन्हींची एकच, पण व्यासपीठावरून जर कुणी ‘बोफर्ट’ वाचलं असतं तर ब्यूफर्टच्या माणसानं मान वर करून पाहिलंही नसतं. त्याला वाटलं असतं, हे आपल्यासाठी नाही. मग त्यांचे आजोबा तिकडून कसे आले, ती गोष्ट निघाली. विसाव्या शतकात साठ वर्षांच्या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. फिलाडेल्फियातली निम्मी चर्च मला तरी व्हर्जिनियाची नि कॅरोलायनाचीच गावं वाटतात. कोण कुठल्या काउंटीचा, हे इथे अजून विचारलं जातं. आपल्याकडे मुंबईच्या चाळीत ‘मूळ गाव कोणतं?’ असं विचारतात ना, त्याच सहजतेनं.

मुलानं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “मग सापडली का ती माणसं?”

एक डीकन होते, आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “या बाईंचं आपल्याला माहीत नाही. बहुतेकांची सापडली नाहीत.” एवढंच. त्यापुढे धीराचा शब्द नाही, ‘पण’ नाही. आजीनं पंखा मुलाच्या बाजूला वळवला आणि पुढची जाहिरात वाचायला चौदा वर्षांची एक मुलगी उठली.

मी आई आहे. मुलांना काय, किती आणि कोणत्या वयात सांगायचं हा प्रश्न मला रोज पडतो. त्या तळघरात मला वाटलं, आपण प्रश्नच अपुरा विचारतो. त्या मुलानं जे ऐकलं ते भयंकर होतं. आईच्या हातातून पोर काढून विकलं जात होतं, आणि तसं करणारा माणूस कायद्यानं सज्जन होता. पण हे त्यानं एकट्यानं पुस्तकात वाचलं नाही, वर्गातल्या तीस मुलांच्या नजरा चुकवत ऐकलं नाही. त्याचा हात आजीच्या खुर्चीवर होता. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांची पणतवंडं, खापरपणतवंडं भोवती अंडी खात, कॉफी पीत बसली होती, त्याचा उच्चार सुधारत होती. वयापेक्षा मला हे मोठं वाटतं, की मूल हे ऐकताना कुणाला धरून बसलेलं आहे.

ज्या मदर बेथेलच्या साथीनं त्या जाहिराती जमल्या, ते चर्च फिलाडेल्फियाच्या सहाव्या रस्त्यावर, लोंबार्डच्या कोपऱ्याला आहे. त्याच्या तळमजल्यावर एक लहान संग्रहालय आहे आणि त्यातच रिचर्ड ॲलन आणि त्यांच्या पत्नी सारा यांची समाधी. ॲलन १७६० साली गुलामगिरीत जन्मले, स्वतःची किंमत मोजून स्वतःला सोडवून घेतलं आणि उपदेशक झाले. सेंट जॉर्ज नावाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये ते नि त्यांचे सोबती जात. एका रविवारी तिथे प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकलेल्या अबसलोम जोन्स या त्यांच्या सोबत्यांना चर्चच्या व्यवस्थापकांनी धरून उठवलं, कारण ती जागा गोऱ्यांची होती. प्रार्थना संपताच सगळे कृष्णवर्णीय एकदम उठून बाहेर पडले. १७९४ साली ॲलन यांनी एका लोहाराचं जुनं दुकान आणवून या कोपऱ्यावर आपलं चर्च उघडलं. १८१६ साली त्यातून एएमई हा स्वतंत्र पंथ झाला. आजची दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, पण खालची जमीन तेव्हापासून कधी हातची गेली नाही.

या सगळ्यात मला फार मोलाची वाटते ती एक छोटी पुस्तिका. १७९३ साली फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. पैसेवाले शहर सोडून पळाले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही असा तेव्हा गैरसमज होता, म्हणून त्यांना मदतीला बोलावलं गेलं. ॲलन आणि जोन्स यांनी माणसं जमवली. त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मढी उचलली, पुरली, आणि त्यांतली कितीतरी स्वतःही तापानं गेली. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकानं तिचा वृत्तांत छापला आणि त्यात लिहिलं, की काही काळ्या शुश्रूषकांनी अवाच्या सवा पैसे उकळले, चोऱ्या केल्या. पुस्तक हातोहात खपलं. ॲलन आणि जोन्स यांनी पुढच्याच वर्षी, म्हणजे १७९४ सालीच, उत्तर छापलं: कोणी काय केलं, किती पैसे आले, किती खर्च झाले, कोण पैसे न घेता राबलं. हिशेबासकट. चर्च उघडण्याचं आणि आपल्याबद्दल लिहिलेलं खोटं छापून खोडण्याचं वर्ष एकच, हा योगायोग असेल. मला तो तसा वाटत नाही. ज्यांच्याकडे कचेरी नाही, दप्तर नाही, विद्यापीठ नाही, त्यांचा इतिहास ठेवायला जागा लागते, आणि ती जागा त्यांच्याकडे एकच होती.

पुढे इतिहासाच्या या कामाला पंडिताची बैठक दिली ती कार्टर वुडसन यांनी. आईवडील दोघंही गुलामगिरीत वाढलेले, वडिलांना वाचता येत नव्हतं. तरुणपणी वुडसन वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत कामाला होते. तिथे यादवी युद्धात लढलेला एक खाणकामगार होता, ऑलिव्हर जोन्स. त्याच्या घरी संध्याकाळी कृष्णवर्णीय खाणकामगार जमत. त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नसे. वुडसन त्यांना वर्तमानपत्रं वाचून दाखवत, बदल्यात काहीतरी खायला मिळे, आणि त्या वाचनावरून म्हाताऱ्यांच्या आठवणी निघत: लढाईच्या, मालकांच्या, सुटकेच्या. पोरानं वाचायचं, वडीलधाऱ्यांनी सांगायचं. १९१२ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. कृष्णवर्णीयांत ती मिळवणारे ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यानंतरचे दुसरे. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत पहिला इतिहास-सप्ताह भरवला. फेब्रुवारीच का, तर लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस लोक आधीपासूनच त्या आठवड्यात साजरे करत होते. सप्ताहाचा महिना १९७६ साली झाला. पण मला वाटतं, या सगळ्याचं बीज त्या खाणकामगाराच्या बैठकीच्या खोलीत आहे.

मैत्रिणीच्या चर्चमध्येही काम असंच चालतं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं संगणकावर जुन्या शिरगणतीच्या नोंदी चाळतात. १८७० ची शिरगणती ही त्यांच्या दृष्टीनं एक भिंत आहे. त्या वर्षी सगळ्या मुक्त झालेल्या माणसांची नावं पहिल्यांदा नोंदली गेली. त्याआधी १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी होत असे, तिच्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, वर्ण. ‘बाई, ३०.’ ‘मुलगी, ४.’ त्या भिंतीपलीकडे संगणक फारसा जात नाही. तिथून पुढे विचारावं लागतं ते मदरना. तुझी पणजी कोणतं गाणं म्हणायची, कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानावर कुणाकुणाच्या जन्माची नोंद होती, कोणतं नाव घरात पुनःपुन्हा ठेवलं जाई. पोरं ते टिपून घेतात. एखाद्या नावावर दोन म्हाताऱ्यांचं जमत नाही, चांगली खडाजंगी होते, पोरं दोन्ही लिहून घेतात.

थोरांनी सांगायचं आणि लहानांनी ऐकायचं, एवढंच हे असतं तर मी त्याचं एवढं कौतुक केलं नसतं. बर्मिंगहॅमचं उदाहरण इथे सगळ्यांच्या तोंडी असतं. अलाबामातल्या त्या शहरात १९६३ च्या मे महिन्यात सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमधून शाळकरी मुलांचे जथ्थे रस्त्यावर उतरले. आईबाप मोर्चाला गेले तर नोकरी जायची. मुलांची काही नोकरी नव्हती. पहिल्याच दिवशी शेकडो पोरांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर आगीच्या बंबांचे फवारे आणि पोलिसी कुत्री सोडली गेली. ती छायाचित्रं जगभर गेली आणि शहर नमलं. त्या सप्टेंबरच्या १५ तारखेला, रविवारी सकाळी, त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला. संडे स्कूल आटोपून उपासनेसाठी तयार होणाऱ्या चार मुली गेल्या: ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरल रॉबर्टसन, डेनिस मॅकनेअर. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. त्या दिवशीच्या संडे स्कूलचा पाठ क्षमा करणाऱ्या प्रेमावर होता. गुन्हेगारांपैकी एकाला १९७७ साली शिक्षा झाली, दुसऱ्याला २००१ साली, तिसऱ्याला २००२ साली. ३९ वर्षं लागली.

मैत्रिणीच्या चर्चमध्ये दर सप्टेंबरात या चौघींची नावं त्यांच्याच वयाच्या मुली वाचतात. मी तिला विचारलं, अकरा वर्षांच्या मुलीला हे झेपतं? ती म्हणाली, “माझ्या आईनं मला हे सांगितलं तेव्हा मे महिन्यातलं आधी सांगितलं. पोरं कशी चालत निघाली, तुरुंगात गाणी कशी म्हणाली. सप्टेंबर एकटा सांगायचा नसतो.” नुसता मारच सांगितला तर मुलाला आपण मार खाणाऱ्यांचे, एवढंच कळतं. इथे मुलाला कळतं, की त्याच्या वयाच्या पोरांनी एक शहर हलवलं.

फ्लोरिडात २०२३ साली कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा नवा शालेय अभ्यासक्रम राज्य सरकारनं नाकारला, आणि नव्या मार्गदर्शक सूत्रांत गुलामांना आपल्या हिताची कौशल्यं शिकायला मिळाल्याचं वाक्य घातलं, तेव्हा तिथल्या शेकडो चर्चनी ठरवलं की हा विषय आपण शिकवू. बातमी ऐकून मला संताप आला. तळघरातल्या मदरना नाही. त्यांतल्या एक म्हणाल्या, “शाळेनं आम्हाला कधी शिकवलं होतं?”

त्याच मदरनी मला विचारलं, तुमच्याकडे मुलांना असलं काही कोण सांगतं? मी त्यांना महात्मा फुले यांच्याबद्दल सांगितलं. इथली गुलामगिरी संपून आठ वर्षं होतात न होतात तोच, १८७३ साली, पुण्याच्या एका माणसानं ‘गुलामगिरी’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं: तुम्ही गुलामांना सोडवलंत, माझे देशबांधवही यावरून शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवतील अशी आशा धरून. त्यांनी हे कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, “सोडवलं ते कुणी? पावणेदोन लाखांहून जास्त आमची माणसं त्या लढाईत सैनिक होती. इथे शहराच्या वेशीवर कॅम्प विल्यम पेनमध्ये अकरा हजार तयार झाली. तुमच्या त्या गृहस्थांना कुणी सांगितलं नसेल.” पुण्यात बसलेल्या फुल्यांच्या हाती तेव्हा जे पडलं असेल त्यावरून त्यांनी लिहिलं. ही बाई त्यांना भेटली असती तर अर्पणपत्रिकेत आणखी एक ओळ त्यांनी आनंदानं घातली असती, याविषयी मला शंका नाही.

मदरचा पुढचा प्रश्न सरळ होता. “आणि तुझी माणसं कुठल्या बाजूची?”

मी सांगितलं. माझ्या आजोळच्या वाड्यातल्या विहिरीवर कुणाला येऊ देत नसत, ते सांगितलं. महाडच्या तळ्यावर १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांबरोबर जी माणसं पाणी प्यायला गेली त्यांच्या घरांत आज्या नातवंडांना ते सांगतात, विहारात सांगतात. आमच्या घरात इतिहास म्हणजे गड आणि लढाया होत्या, विहीर नव्हती, तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, मला समजावलंही नाही. मैत्रिणीला हाक मारून म्हणाल्या, पुढच्या फेब्रुवारीत तिसऱ्या रविवारी हिला वेळ दे, आणि हिच्या मुलीला वाचायला लाव.

मुलगी बारा वर्षांची आहे. मराठी बोलते, वाचताना अडखळते. अर्पणपत्रिका तिला मी काढून दिली आहे आणि रोज रात्री ती मोठ्यानं वाचते. विहिरीचं मात्र लिहिलेलं काहीच नाही, म्हणून वाईला मामीला फोन केला. मामी म्हणाली, दोघीतिघी जणी पलीकडच्या वस्तीतून यायच्या, दारात घागर ठेवून थांबायच्या, कुणी ओतलं तर पाणी न्यायच्या. नावं विचारली तेव्हा तिला एकच आठवलं. बाकीची ती त्याच वस्तीत जाऊन विचारणार आहे, आणि मुलीला सांगायचं आहे ते मामीनं स्वतः सांगावं असं मी म्हटलं आहे. या उन्हाळ्यात आम्ही वाईला जाणार आहोत.